सल्ला: फाईल सर्व्हरमध्ये असते की सर्व्हरवर?

पत्र:

ताई, मी मिरजेचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग डिप्लोमा, आणि गेलं दीड वर्ष हिंजवडीत एका कंपनीच्या सपोर्ट डेस्कवर आहे. क्लायंट इंग्लंडमधले. कामाची तक्रार नाही, बोलणंही आता बऱ्यापैकी जमतं. पण लिहिताना 'इन', 'ऑन', 'ॲट' आले की बोटं थांबतात. गेल्या आठवड्यात माझ्या चार वाक्यांचे स्क्रीनशॉट आमच्या टीम लीडने ग्रुपवर टाकले, खाली हसरे चेहरे. वाक्यं अशी: 'द फाईल इज इन द सर्व्हर.' 'आय हॅव सेंट यू ऑन युवर मेल.' 'युवर बॅकअप इज सेफ इन द क्लाऊड.' आणि 'प्लीज सिट ऑन द कम्प्युटर ॲट फोर, वुई विल टेक रिमोट.' त्याने चारही दुरुस्त करून दिली, पण का ते सांगितलं नाही. शाळेत पाठ केलेला 'आत म्हणजे इन, वर म्हणजे ऑन' हा नियम इथे चालत नाही. याला काही नियम आहे का, की नुसतं पाठच करायचं? आणि ॲपला 'इन' लावू की 'ऑन'?

– गोंधळलेला, हिंजवडी

उत्तर:

प्रिय गोंधळलेल्या,

आधी निकाल सांगते. चारपैकी तीन वाक्यं चुकली आहेत. एक बरोबर होतं, ते तुझ्या लीडने बिघडवलं. कोणतं ते पुढे येईलच. मी बावीस वर्षं सॉफ्टवेअरची मॅन्युअल्स लिहिली, त्यातली पहिली पाच-सहा ह्याच चिखलात पाय बुडवून. त्यामुळे तुझ्यावर हसायचा मला अधिकार नाही.

तुझी अडचण इंग्रजी कच्चं असल्याची नाही. आपला 'वर' फार कामसू आहे, ही ती अडचण. पुस्तक टेबलावर असतं. आपण फोनवर बोलतो, साईटवर जातो, मेलवर पाठवतो, वायफायवर पिक्चर बघतो आणि कम्प्युटरवर बसतो. सहा वेगळ्या गोष्टी, शब्दयोगी अव्यय एकच, आणि मराठीत कुणाचंही काही अडत नाही. इंग्रजीत मात्र ही कामं वेगवेगळ्या जणांत वाटून दिलेली आहेत. पुस्तकाला 'ऑन', साईटला 'टू', मेलला 'बाय', वायफायला 'ओव्हर', आणि कम्प्युटरसमोरच्या खुर्चीला 'ॲट'. तू सगळीकडे 'वर'चं 'ऑन' केलंस. जिथे 'ऑन' कानाला खटकलं तिथे घाबरून 'इन' घातलंस. तुझी चारही वाक्यं पुन्हा वाच, हेच झालंय.

म्हणून पहिली चाळणी अशी: मनात मराठी वाक्य आलं की 'वर'कडे बघू नकोस, क्रियापदाकडे बघ. वस्तू तिथे नुसती आहे, की तिकडे चालली आहे? 'फाईल सर्व्हरवर आहे' म्हटलं की 'ऑन द सर्व्हर'. 'फाईल सर्व्हरवर टाकतो' म्हटलं की 'अपलोड टू द सर्व्हर'. मराठीत दोन्हीकडे 'वर', इंग्रजीत शब्द बदलला. 'साईटवर जा' याचं 'गो ऑन द साईट' करू नकोस, 'गो टू द साईट' कर. पेनड्राईव्हवर कॉपी करायचं असेल तर 'कॉपी टू', आणि कॉपी होऊन बसलेली फाईल 'ऑन द पेनड्राईव्ह'. निम्म्या चुका इथेच गळतात. 'सेव्ह' तेवढा लबाड आहे. फोल्डरच्या बाबतीत 'सेव्ह टू' आणि 'सेव्ह इन' दोन्ही चालतात, त्यात वेळ घालवू नकोस.

आता जे नुसतं 'आहे' आहे, त्याचं काय? सर्व्हरला 'ऑन', फोल्डरला 'इन', असं का?

माझ्या पहिल्या नोकरीतली गोष्ट सांगते. ऑफिसच्या कोपऱ्यात एक सर्व्हर होता, मागच्या बाजूची एक पट्टी निघालेली. एका पावसाळ्यात तो सकाळी सुरूच होईना. इलेक्ट्रिशियनने झाकण काढलं तर पॉवर सप्लायपाशी पाल, जळून कोळसा झालेली. घटनेचा रिपोर्ट इंग्रजीत लिहायची जबाबदारी माझ्यावर आली. मी लिहिलं, 'देअर वॉज अ लिझार्ड इन द सर्व्हर.' पुढच्या ओळीत लिहिलं, 'ऑल फाईल्स इन द सर्व्हर आर सेफ.' परदेशातल्या साहेबाने दुसऱ्या ओळीतलं 'इन' खोडून 'ऑन' केलं, पहिल्या ओळीतलं तसंच ठेवलं. मला राग आला होता. तीच पेटी, तोच सर्व्हर, पालीला 'इन' आणि फाईलला 'ऑन'? आठवडाभराने डोक्यात उजेड पडला. पाल पत्र्याच्या पेटीत होती. रॅमची पट्टी, पंखा, धूळ, पाल, जे हाताने काढता येतं ते 'इन द सर्व्हर'. फाईल तशी काढता येत नाही. तिच्या दृष्टीने सर्व्हर पेटी नाहीच, ती जिच्यावर ठेवली आहे अशी जागा आहे.

हे इंग्रज माणसाला कुणी शिकवलेलं नसतं. यंत्र घडवणाऱ्यांनी जे चित्र पाहिलं ते भाषेत राहून गेलं, एवढंच. आयबीएमने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क विकायला काढली. तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक होत्या, आणि सगळ्या मिळून जेमतेम पन्नास लाख अक्षरं मावायची. ती अक्षरं लिहिली जायची तबकडीच्या पृष्ठभागावर, चुंबकीय लेपावर. म्हणून माहिती 'ऑन डिस्क'. आज तुझ्या लॅपटॉपमधल्या एसएसडीत, म्हणजे चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, तबकडी औषधालासुद्धा सापडणार नाही, तरी 'ऑन' राहिलं. मेमरी मात्र 'इन'. हा शब्दच माणसाच्या स्मरणावरून घेतलेला आहे, आणि आठवण मनात असते, मनावर नसते. म्हणून 'इन मेमरी', 'ऑन डिस्क'. ही जोडी सपोर्टवाल्याने झोपेतही चुकवू नये, कारण दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. वीज गेली की 'इन मेमरी' असलेलं जातं, 'ऑन डिस्क' असलेलं राहतं.

डेस्कटॉप, फोल्डर, डॉक्युमेंट ही सगळी ऑफिसातल्या टेबलाची नक्कल. झेरॉक्स कंपनीने १९८१ साली 'स्टार' नावाचं यंत्र बाजारात आणलं, त्यात हे चित्र विकत मिळणाऱ्या यंत्रात पहिल्यांदा आलं: पडदा म्हणजे टेबल, त्यावर फोल्डर, फोल्डरमध्ये कागद. टेबलावर ठेवतात, म्हणून 'ऑन द डेस्कटॉप'. फोल्डरमध्ये घालतात, म्हणून 'इन द फोल्डर'. इथे तुझा शाळेतला नियम चक्क चालतो! तो नियम वाईट नाही, फक्त वस्तू आपल्याला कशी दिसते हे न बघता तिला कसं पाहिलं गेलंय ते बघावं लागतं.

त्याच हिशेबाने पडदा ही सपाट पाटी, म्हणून 'ऑन द स्क्रीन'. खिडकीला चौकट असते आणि मजकूर चौकटीच्या आत दिसतो, म्हणून 'इन द विंडो'. पण 'विंडोज' ही ऑपरेटिंग सिस्टिम आली की 'ऑन विंडोज'. एका 'ज'ने इकडचं तिकडे! ऑपरेटिंग सिस्टिम ही जमीन, तिच्यावर प्रोग्राम उभे राहतात: 'रन्स ऑन विंडोज', 'ऑन लिनक्स'. प्रोग्राम ही खोली, आपण तिच्यात शिरून काम करतो: 'इन एक्सेल', 'इन वर्ड'. एक्सेलमध्ये शिरल्यावर कॉलम, रो आणि सेल यांना 'इन', पण शीटला 'ऑन', कारण शीट म्हणजे कागद. 'इन सेल बी फोर, ऑन द सेकंड शीट.' आणि प्रोग्राम ज्या भाषेत लिहिला ती भाषा नेहमी 'इन': 'रिटन इन पायथॉन', जसं 'रिटन इन मराठी'.

आता तुझा क्लाऊड. इंजिनिअर लोक नेटवर्कचे आराखडे काढताना ज्या भागाच्या पोटात काय चाललंय हे दाखवायचं नसे, तिथे एक ढग काढून मोकळे व्हायचे. तारा ढगात शिरायच्या, दुसऱ्या बाजूने बाहेर यायच्या. मधलं सगळं ढगाच्या आत. म्हणून 'इन द क्लाऊड'. 'ऑन द क्लाऊड' आपल्याकडच्या ऑफिसांत सर्रास ऐकू येतं, तुझ्या लीडनेही तेच केलं. पण तुझं वाक्य बरोबर होतं. पौराणिक मालिकांतले देव ढगावर उभे असतात, पाणी ढगात असतं. बॅकअप हा पाण्याच्या जातीचा.

फोनच्या बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा काटेकोर आहे, हे जाता जाता ऐक. 'तो फोनवर आहे' म्हणजे बोलतोय, 'फोटो फोनमध्ये आहे' म्हणजे साठवलेला. आपण दोन अव्ययं वापरतो. इंग्रजीत दोन्हीला 'ऑन': 'ही इज ऑन द फोन', 'द फोटो इज ऑन माय फोन'. व्हायरसचंही तसंच. आपला व्हायरस कम्प्युटरमध्ये शिरतो, त्यांचा बहुतेक वेळा 'ऑन द कम्प्युटर' असतो.

'सिट ऑन द कम्प्युटर' हे ज्या वाक्यावर सगळ्यात जास्त हसरे चेहरे आले असतील, ते मराठीत निर्दोष आहे. 'हा दिवसभर कम्प्युटरवर बसलेला असतो' हे घरोघरी म्हणतात. इंग्रजीत मात्र क्लायंटला कॅबिनेटवर मांडी घालून बसायला सांगितल्यासारखं वाटतं. बसायचं असेल तर 'ॲट द कम्प्युटर'. 'बसणं' गाळलंस तर 'ऑन' पुन्हा चालतं: 'ही इज ऑन द कम्प्युटर ऑल डे.' आणि 'टेक रिमोट' हे तर आपलं ऑफिसातलं पिल्लू, 'रिमोट घेतो'चं. इंग्लंडमधल्या माणसाला वाटेल, टीव्हीचा रिमोट कुठे नेतायत हे? 'वुई विल कनेक्ट टू युवर कम्प्युटर रिमोटली' असं लिही.

'ॲट' म्हणजे बिंदू. नकाशावर टाचणी टोचावी तसा. 'ॲट द कीबोर्ड', 'ॲट द प्रॉम्प्ट', 'स्टक ॲट नाइन्टीनाइन पर्सेंट'. आणि हे अव्यय तू दिवसातून पन्नासदा टाईप करतोस. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर निरोप पाठवायची सोय केली, तेव्हा माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव यांच्यामध्ये काहीतरी खूण हवी होती. त्यांनी कीबोर्डवरची '@' ही खूण उचलली, कारण तिचा उच्चारच 'ॲट': अमुक माणूस, तमुक यंत्रापाशी. म्हणजे तुझ्या ईमेल पत्त्याच्या मधोमध जे बसलंय ते शब्दयोगी अव्ययच आहे, आपल्या 'पाशी'चा सख्खा भाऊ.

मेलवरून आठवलं. 'सेंट यू ऑन युवर मेल' हे 'तुमच्या मेलवर पाठवलंय'चं शब्दशः भाषांतर, आणि त्यात काय पाठवलं तेही राहून गेलंय. 'आय हॅव सेंट इट टू यू बाय ईमेल', किंवा सरळ 'आय हॅव ईमेल्ड इट टू यू'. मेलच्या आतल्या मजकुराला 'इन': 'ॲज आय सेड इन माय ईमेल'. जोडलेल्या फाईलला 'टू': 'अटॅच्ड टू धिस ईमेल'. आपल्याकडे लिहितात ते 'अटॅच्ड विथ धिस मेल' काढून टाक. व्हॉट्सॲप 'ऑन', पण त्यातला ग्रुप 'इन'. तुझ्या लीडने स्क्रीनशॉट 'ऑन द ग्रुप' टाकले असं कुणी इंग्रजीत लिहिलं, तर ती आपल्या 'ग्रुपवर'ची छाया समज.

'लॉग इन'चा प्रश्न तू विचारला नाहीस, पण विचारशील. क्रियापद 'लॉग इन' दोन शब्दांचं, आणि त्यानंतरचा 'टू' तिसरा, स्वतंत्र: 'लॉग इन टू द पोर्टल'. 'इन'ला 'टू' चिकटवून एकच शब्द करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याशी भांडू नकोस, पण तू वेगळा लिही. मायक्रोसॉफ्टच्या लेखनसंकेतांतही 'साइन इन टू' असंच, सुटं. 'लॉग' आणि 'इन' जोडून होतो तो नाम आहे, लॉगिन पेज वगैरे. बाहेर पडताना 'आउट ऑफ': 'लॉग आउट ऑफ द पोर्टल'. 'पोर्टलमधून'च्या नादाने 'फ्रॉम' लावावासा वाटतो, तो मोह आवर.

'ॲक्सेस' हा शब्द सपोर्टच्या कामात रोज लागतो आणि रोज चुकतो. नाम असेल तर 'टू' हवा: 'यू नाऊ हॅव ॲक्सेस टू द फोल्डर'. क्रियापद असेल तर काहीच नको: 'यू कॅन नाऊ ॲक्सेस द फोल्डर'. 'क्लिक'ही तसाच. मॅन्युअलवाले 'क्लिक ऑन'मधला 'ऑन' गाळतात, बोलताना सगळे लावतात. मी आयुष्यभर गाळला, पण फोनवर आईला सांगताना 'त्याच्यावर क्लिक कर' असंच म्हणते.

नियम आहे का, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर: चित्र आहे, कायदा नाही. आणि कायदा किती नाही हे बघायचं असेल तर तुझ्याच डेव्हलपर मित्रांना एकच चुकीचा प्रोग्राम वेगवेगळ्या प्रोग्रामिंग भाषांत चालवायला सांग. पीएचपी म्हणेल, चूक 'इन' अमुक फाईल, 'ऑन लाईन १२'. पर्ल म्हणेल, 'ॲट' अमुक फाईल, लाईन १२. जावा चुकीचा माग दाखवताना ओळींच्या सुरुवातीला 'ॲट' छापेल. पायथॉन आधी लाईनचा आकडा सांगेल आणि मग 'इन' अमुक फंक्शन. चूक तीच, ओळ तीच. जिथे यंत्रांचंच एकमत नाही तिथे मिरजेच्या पोराने लाजायचं कारण नाही. मेन्यूला 'ऑन' की 'इन', यावर अनुभवी संपादकांत मी हमरीतुमरी पाहिली आहे.

मग करायचं काय? अव्ययांची यादी पाठ करू नकोस, ती आठवड्यात पुसली जाईल. नामासकट जोड्या लिही, एका वहीत, हाताने. 'ऑन द सर्व्हर' हा एकच शब्द आहे असं समज, जसं आपण 'चहापाणी' म्हणतो. तुमच्या प्रॉडक्टचं मॅन्युअल आणि पडद्यावरचे मेसेज उघड आणि तिथे जे असेल ते जसंच्या तसं उचल. तिथे 'ऑन द डॅशबोर्ड' लिहिलं असेल तर तुझ्या उत्तरातही तेच. क्लायंटच्या डोळ्यांसमोर तेच शब्द असतात, त्यामुळे तुला जास्त बरोबर वाटणारा दुसरा शब्द तिथे उलट गोंधळ करतो. आणि क्लायंट स्वतः काय लिहितो ते बघ. त्याच्या मेलमधलं अव्यय उत्तरात वापरायला कुणाची बंदी नाही.

अगदीच अडलास तर वळसा घाल. 'क्लिक ऑन द लिंक' की 'इन द लिंक' असं झालं की 'ओपन द लिंक' लिही. 'इन द फाईल मेन्यू' की 'ऑन'? 'ओपन द फाईल मेन्यू.' इंग्रजीत असं एक क्रियापद बहुतेक वेळा हाताशी असतं, आणि वाक्यही छोटं होतं. मी मॅन्युअल्स लिहिताना हे इतकं केलंय की सांगायची सोय नाही.

लीडचं म्हणशील तर, ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकणं हा शिकवायचा प्रकार नव्हे. त्याला एकटं गाठ आणि सांग, चुका मला वेगळ्या पाठव, मी सुधारतो. क्लाऊडची गोष्ट त्याच बैठकीत काढू नकोस. पंधरा दिवसांनी, चहाच्या टपरीवर, ढग आणि पाण्याचं काढ. तोवर ते वाक्य क्लायंटला जाताना मात्र तुझ्या 'इन'नेच जाऊ दे.

चार वाजताचा निरोप मी असा लिहिला असता, हवा तर उतरवून घे: 'प्लीज बी ॲट युवर कम्प्युटर ॲट फोर. वुई विल कनेक्ट टू इट रिमोटली. द फाईल इज ऑन द सर्व्हर, इन द रिपोर्ट्स फोल्डर. आय हॅव सेंट यू द लिंक बाय ईमेल. युवर बॅकअप इज सेफ इन द क्लाऊड.' पाच वाक्यं, आणि त्यात 'ॲट', 'टू', 'ऑन', 'इन', 'बाय' सगळे आले.

राहिला तुझा ॲप. ॲपच्या आत काही करायचं असेल तर 'इन द ॲप': 'चेंज युवर पासवर्ड इन द ॲप'. एखादी गोष्ट ॲपमार्फत मिळते असं सांगायचं असेल तर 'ऑन द ॲप' सुद्धा लोक लिहितात, आणि साईट व ॲप एका दमात आले की 'ऑन द वेबसाईट ऑर इन द ॲप' असं दोन वेगळ्या अव्ययांनी लिहिलेलंही तुला दिसेल. तू 'इन' धर.

– ताई